संत ऑगस्टीन : एका अध्यापकाचे चरित्र

आपल्या प्रांतात जेथे जेथे देऊळ उभे राहिले, तेथे बहुधा त्याच्या शेजारी शाळाही उभी राहिली. आणि शाळा आली तेथे मास्तर आले. ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूंची नावे आपण आदराने घेतो, व ती घ्यावीतच. परंतु ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती पाटी दिली, त्या मास्तरांचे स्मरणही त्याच दिवशी व्हावे हे योग्य होय. म्हणून ह्या स्मरणिकेकरिता आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडिले आहे, की जो ऐन तारुण्याची बारा वर्षे पोटाकरिता शिकवीत होता, ज्याने तो व्यवसाय मानाच्या शिखरावर असताना सोडिला, आणि सोडल्यानंतरच जो खरा शिक्षक झाला. हा पुरुष म्हणजे हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन. त्यांच्या पश्चात्तापाची व त्यांच्या मातेच्या अश्रूंची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु ते मास्तर होते, आणि मास्तरकीनेच त्यांच्या मनाला पहिला टोचा लावला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तीच आज सांगावी असे आम्हांस वाटते.

इसवी सन 354 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 13 व्या तारखेस उत्तर आफ्रिकेतील थागास्ते नावाच्या लहानशा गावी ऑगस्टीनचा जन्म झाला. आज ते गाव अल्जेरिया देशात असून त्यास सूक अहरास म्हणतात. त्या काळी तो सर्व मुलूख रोमन साम्राज्यात मोडत असे. बाप पात्रिसियुस हा गावच्या नगरसभेचा सभासद होता. मान होता, परंतु मानाच्या प्रमाणात मिळकत नव्हती. तो ख्रिस्ती नव्हता. बाप्तिस्मा त्याने आयुष्याच्या अखेरीस घेतला. आई मोनिका मात्र श्रद्धावान व शांत स्वभावाची होती. मुलाने शिकावे, वक्ता व्हावे व घराण्याचे नाव काढावे, ह्याविषयी मात्र आईबापांचे एकमत होते. त्या काळी राजदरबारी, न्यायालयात किंवा सरकारी अधिकाराच्या जागी चढण्यास एकच जिना असे, व तो वक्तृत्वशास्त्राचा होय.

गावच्या शाळेत छडीचा अंमल होता. हे लहान पोर देवाजवळ पहिली प्रार्थना करावयास शिकले ती हीच, की आज शाळेत मार बसू नये. आणि घरची वडील माणसे त्याचे वळ पाहून हसत. पुढे बिशप झाल्यावरही ते दुःख तो विसरला नाही. ग्रीक भाषा त्याला धाकदपटशाने शिकविण्यात आली, व ती त्याला कधीच नीट आली नाही. लॅटिन मात्र त्याने दायांच्या लाडिक बोलण्यातून, थट्टामस्करीतून व खेळातून आपोआप उचलली. ह्यावरून त्याने आपल्या आत्मचरित्रात असा निष्कर्ष काढिला आहे, की भाषा शिकावयास भीतीपेक्षा मोकळी जिज्ञासा अधिक उपयोगी पडते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या ह्या अनुभवापुढे आजच्याही शिक्षकाने क्षणभर थांबावे.

जवळच्या मादौरा गावी पुढील शिक्षण चालू असता पैसा संपला, आणि सोळाव्या वर्षी मुलगा घरी परत आला. ते एक वर्ष रिकामपणाचे गेले. त्याच वर्षी त्याने सोबत्यांसह रात्रीच्या वेळी शेजाऱ्याच्या झाडाची नासपतीची फळे चोरिली. खावयास नव्हे, तर केवळ चोरण्याच्या गमतीकरिता. फळे डुकरांपुढे टाकून दिली. पुढे रोमानियानुस नावाच्या गावच्या एका धनिक गृहस्थाने खर्चाचा भार उचलिला, व सतराव्या वर्षी ऑगस्टीन कार्थेजला गेला. त्या मोठ्या शहरात एका स्त्रीशी त्याचा संबंध जडला. विवाह झाला नाही, तथापि पुढे तेरा-चौदा वर्षे तो तिच्याशी एकनिष्ठ राहिला. तिच्यापासून त्याला एक पुत्र झाला. त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेत देवदत्त असे ठेविले.

एकोणिसाव्या वर्षी अभ्यासक्रमातील एक पुस्तक म्हणून त्याने सिसरोचा होर्तेन्सियुस हा ग्रंथ हाती घेतला. हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भाषाशैलीकरिता वाचावयाचे ते पुस्तक त्याला शैलीपलीकडे घेऊन गेले. सत्यज्ञानाची आस त्याला प्रथम तेथे लागली. त्याने पवित्र शास्त्र उघडून पाहिले, परंतु सिसरोच्या भारदस्त भाषेपुढे ते त्याला गावंढळ वाटले, व त्याने ते मिटविले. मग तो मानीपंथात शिरला. जगात प्रकाश व अंधकार अशी दोन तत्त्वे झगडत असून माणसाच्या हातून घडणारे वाईट हे त्याच्यातील अंधकाराचे कृत्य होय, अशी त्या पंथाची शिकवण होती. स्वतःच्या दोषांचा भार दुसऱ्या कोणावर टाकण्याची ही सोय तरुण मनाला मानवली, व नऊ वर्षे तो त्या पंथाचा अनुयायी राहिला.

शिक्षण संपताच, इसवी सन 374 च्या सुमारास, तो थागास्ते येथे परतून व्याकरण शिकवू लागला. पाखंड घेऊन आलेल्या मुलाला मोनिकेने आरंभी आपल्या घरात व पंक्तीला घेतले नाही. थोड्याच दिवसांत त्याचा एक जिवलग मित्र तापाने वारला. त्या दुःखाने गाव त्याला खावयास उठले, आणि 376 च्या सुमारास तो पुनः कार्थेजला जाऊन वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला.

तो शिक्षक कसा होता? ह्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अलिपियुस नावाचा त्याच्याच गावचा एक हुशार तरुण कार्थेजमध्ये होता. त्याला रंगमैदानातील शर्यती व खेळ पाहण्याचे व्यसन जडले होते. त्याच्या बापाचे व ऑगस्टीनचे काही कारणाने बिनसल्यामुळे तो वर्गात नियमाने येत नसे. केव्हा तरी यावे, थोडे ऐकावे व निघून जावे, असे चाले. एके दिवशी धडा समजाविताना ऑगस्टीनने सहज त्या खेळांचा दाखला दिला व त्यांच्या नादी लागलेल्यांची थोडी टर उडविली. त्या वेळी अलिपियुसचा विचारही त्याच्या मनात नव्हता. परंतु अलिपियुसने ते शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत असे समजून घेतले, राग न मानता तो नाद सोडिला, आणि जन्माचा मित्र झाला. शिक्षकाच्या तोंडून निघालेला शब्द कोणाच्या अंतःकरणात जाऊन रुजेल हे शिक्षकाला कळत नाही. ही गोष्ट ऑगस्टीन कधी विसरला नाही, व पुढे त्याने शिक्षणाविषयी जे तत्त्व मांडिले, त्याचे बीज येथेच असावे असे आम्हांस वाटते.

तथापि ह्या काळात तो शिकवीत होता ते काय? न्यायालयात जिंकावे कसे, श्रोत्यांस वळवावे कसे, असत्यालाही सत्याचा पेहराव चढवावा कसा, हे. विद्यार्थी फी देत व तो शब्द विकत असे. स्वतःच्या ह्या धंद्याला पुढे त्याने विक्रीचेच नाव दिले आहे. शिवाय कार्थेजचे विद्यार्थी दांडगे. टोळक्याटोळक्यांनी ते परक्या वर्गात घुसत, धिंगाणा घालीत, व रूढीच्या आधाराने शिक्षेवाचून सुटत. मानीपंथातील शंकांचे निरसन करील म्हणून फाउस्तुस नावाच्या प्रसिद्ध आचार्याची त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. तो आचार्य आला तेव्हा वाणी गोड आणि ज्ञान तोकडे असा अनुभव आला. रोमचे विद्यार्थी शिस्तीचे आहेत असे ऐकून 383 साली त्याने कार्थेज सोडिले. मोनिका किनाऱ्यापर्यंत त्याच्या मागे आली होती. मित्राला निरोप द्यावयाचा आहे असे खोटे सांगून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात रात्र काढावयास लाविले, व गलबत हाकारून तो निघून गेला. सकाळी आईच्या वाट्याला रिकामा किनारा आला.

रोममध्ये प्रथम तो दुखण्यातून मरता मरता वाचला. विद्यार्थी खरोखरच दंगा करीत नसत. परंतु फी देण्याची वेळ जवळ आली म्हणजे सगळे मिळून दुसऱ्या अध्यापकाकडे निघून जात. अशा अवस्थेत 384 साली मिलान नगराकडून रोमच्या नगराधिपतीकडे वक्तृत्वाच्या अध्यापकाची मागणी आली. नगराधिपती सिम्माखुस हा स्वतः मोठा वक्ता. त्याने ऑगस्टीनचे एक भाषण ऐकून त्याचीच निवड केली, व सरकारी खर्चाने, सरकारी टपालगाड्यांतून, थागास्तेचा हा मुलगा मिलानला पोहोचला. बादशहाचा दरबार त्या वेळी तेथे असे. तिशीत प्रवेश करणाऱ्या तरुणाला ह्याहून उंच अध्यापनपीठ साम्राज्याच्या पश्चिम भागात क्वचितच होते. येथून प्रांताधिपतीच्या जागेपर्यंत जाण्याची वाट खुली होती.

ह्या जागेच्या कामांत दरबारी स्तुतिपर भाषणे करण्याचेही एक काम असे. एकदा असे एक भाषण मनात घोळवीत तो मित्रांसह रस्त्याने चालला होता. भाषणात बरेच असत्य घालावयाचे होते, व ऐकणाऱ्यांनाही ते असत्य आहे हे ठाऊक असून ते वाहवा करणार होते. वाटेत एक भिकारी मद्य पिऊन आनंदात हसत होता. ऑगस्टीनला वाटले, ह्याने चार नाण्यांत मिळविलेला आनंद मी इतक्या खटपटीने मिळवू पाहतो आहे, आणि तोही मला मिळत नाही. ह्याची नशा उद्या उतरेल, माझी तर झोपेतही उतरत नाही. राजदरबारच्या अध्यापकाच्या मनाची ही दशा होती.

मिलानचे बिशप संत अँब्रोज हे विख्यात वक्ते. एक वक्ता दुसऱ्याची कसब पाहावयास जातो तसा ऑगस्टीन त्यांची प्रवचने ऐकू लागला. विषयाकडे त्याचे लक्ष नव्हते. परंतु शब्दांच्या मागोमाग अर्थही मनात शिरू लागला. जे पवित्र शास्त्र गावंढळ म्हणून मिटविले होते, त्याच्या पोटात किती खोल अर्थ आहे हे त्याला दिसले. मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला आली. तिच्या पुढाकाराने एका श्रीमंत घराण्यातील अल्पवयी मुलीशी त्याची सोयरीक ठरली, आणि ह्या सोयरिकीला अडथळा नको म्हणून देवदत्ताच्या आईला परत आफ्रिकेस धाडण्यात आले. मुलगा बापाकडे राहिला. आयुष्यात दुसऱ्या पुरुषाचे तोंड पाहणार नाही अशी प्रतिज्ञा करून ती निघून गेली. तिचे नावही इतिहासाला ठाऊक नाही. ऑगस्टीनच्या काळजाला ह्या ताटातुटीने जखम झाली हे त्याने स्वतः लिहिले आहे. परंतु तिच्या जखमेची भरपाई कोणी केली नाही. संतांच्या चरित्रात ही ओळ वगळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

इसवी सन 386 च्या उन्हाळ्यात सिंप्लिसियानुस नामक वृद्ध धर्मगुरूने त्याला एका दुसऱ्या अध्यापकाची कथा सांगितली. मारियुस व्हिक्टोरिनुस हे रोममधील वक्तृत्वाचे नामांकित आचार्य. त्यांचा पुतळा रोमच्या चौकात उभारण्यात आला होता. म्हातारपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, व तोही चोरून नव्हे, तर सर्वांसमक्ष. पुढे 362 साली यूलियन बादशहाने ख्रिस्ती लोकांनी साहित्य व वक्तृत्व शिकवू नये असा हुकूम काढिला, तेव्हा त्यांनी श्रद्धा न सोडता शाळा सोडिली. ही कथा ऐकून ऑगस्टीनच्या मनात तसेच करण्याची ओढ उत्पन्न झाली. परंतु सवयीची साखळी तुटेना. उद्या, उद्या, असे चालले होते. अखेर ऑगस्ट महिन्यात, घराच्या बागेत, तो अंजिराच्या झाडाखाली रडत पडला असता शेजारच्या घरातून पुस्तक उचलून वाचावयास सांगणारा लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज त्याच्या कानी आला. त्याने संत पौलाची पत्रे उघडली, दृष्टीस पडला तो एक उतारा वाचला, आणि संशय संपला. अलिपियुस जवळच होता. तोही त्याच वाटेने आला. दोघांनी आत जाऊन मोनिकेला ही वार्ता सांगितली.

आता पुढील गोष्ट लहान आहे, परंतु आमच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. हृदय पालटले त्या दिवशी ऑगस्टीनने वर्गाकडे पाठ फिरविली नाही. द्राक्षांच्या हंगामाची सुटी लागावयास सुमारे वीस दिवस उरले होते. अध्यापनाच्या श्रमाने त्याची छाती दुखू लागली होती, श्वास पुरत नसे, आवाज चढत नसे. ते कारण पुढे करून लगेच उठता आले असते. परंतु गाजावाजा करून बाहेर पडणे म्हणजे पुनः लोकांचे डोळे आपल्याकडे वळविणे होय, असे त्याला वाटले. त्याने ते वीस दिवस मुकाट्याने शिकविले. मन मात्र तेथे नव्हते, व असत्याच्या त्या आसनावर आणखी एक तासही बसणे दोषास्पद होते असे म्हणणाऱ्यास आपल्यापाशी उत्तर नाही, असे त्याने पुढे कबूल केले आहे. सुटी संपल्यावर मिलानकरांस दुसरा अध्यापक पाहण्याविषयी कळविले. अशा रीतीने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने वेतन, मानाची जागा, ठरलेले लग्न व पुढे चालून येणारा अधिकार ही सर्व एकदम सोडिली.

वेरेकुंदुस नावाच्या एका व्याकरणशिक्षक मित्राने कासिसियाकुम येथील आपले खेड्यातील घर त्याला राहावयास दिले. तेथे आई, भाऊ, मुलगा, अलिपियुस व दोन तरुण शिष्य अशी मंडळी जमली. शिष्यांपैकी लिसेन्तियुस हा त्याच रोमानियानुसचा मुलगा, ज्याने एके काळी ऑगस्टीनचा खर्च सोसला होता. सकाळी व्हर्जिल वाचावा, दुपारी हिरवळीवर किंवा पाऊस असल्यास स्नानगृहात बसून सत्य कशास म्हणावे, सुख कशात आहे, ह्याची चर्चा करावी, व लघुलेखकाने ती टिपून घ्यावी, असा क्रम असे. मोनिकाही चर्चेत भाग घेई. येथे फी नव्हती व जिंकणे-हरणेही नव्हते; चर्चेत चुकलेले वाक्य वहीतून खोडावे असा एका शिष्याने हट्ट धरिला, व त्याची फजिती पाहून दुसरा आनंदला, तेव्हा ऑगस्टीनला रडू कोसळले. शाळेतील चढाओढीचे विष येथेही आले, ह्याचे ते दुःख होते.

इसवी सन 387 च्या ईस्टरच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन, देवदत्त व अलिपियुस यांचा बाप्तिस्मा झाला. येथपर्यंत आम्ही ज्यांचा उल्लेख एकेरी केला, त्यांचा येथून पुढे आदराने करू. आफ्रिकेस परतण्याकरिता मंडळी रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आली असता मोनिका आजारी पडून छप्पन्नाव्या वर्षी देवाघरी गेली. आपले शरीर कोठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, अशी तिची मुलांकडे अखेरची मागणी होती. जिला किनाऱ्यावर फसवून मुलगा गेला होता, ती परक्या किनाऱ्यावर त्याच्याच हातांत विसावली.

388 साली ऑगस्टीन थागास्तेला परतले, वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क त्यांनी सोडिला, व मित्रांसह प्रार्थना आणि अभ्यास यांचे जीवन सुरू केले. ह्या वेळी त्यांनी गुरूविषयी एक लहानसा ग्रंथ रचिला. तो बापलेकांचा संवाद आहे. त्यातील मुलाच्या तोंडचे सर्व विचार खरोखर सोळा वर्षांच्या देवदत्ताचेच होते अशी ग्वाही बापाने पुढे दिली आहे. ग्रंथाचा मथितार्थ असा, की शब्द हे केवळ खूण दाखवितात. ज्ञान ओतीत नाहीत. शिक्षक बाहेरून बोलतो, परंतु विद्यार्थ्याला पटते ते अंतर्यामी असलेल्या खऱ्या गुरूच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, प्रकाशात. ज्याने बारा वर्षे शब्द विकले, त्यानेच शब्दांची मर्यादा अशी नेमकी मापिली. ह्यानंतर थोड्याच काळात तो गुणी मुलगा वारला. बापाने त्याच्याविषयी लिहिले ते थोडे आहे, पण त्यात बापाची माया व शिक्षकाचा विस्मय ही दोन्ही आहेत.

391 साली ते काही कामाकरिता हिप्पो बंदरी गेले. त्यास आज अन्नाबा म्हणतात. तेथील वृद्ध बिशप वालेरियुस हे जन्माने ग्रीक, लॅटिन भाषेत अडखळणारे. मदतीला एक धर्मगुरू हवा असे त्यांनी देवळात सांगताच लोकांनी ऑगस्टीनना धरून पुढे आणिले. त्यांना अश्रू आवरेनात. बिशप न करिता नुसते धर्मगुरू करितात म्हणून हे रडत आहेत, असे समजून काहींनी त्यांचे सांत्वनही केले. त्यांनी पहिली मागणी केली ती पवित्र शास्त्राच्या अभ्यासाकरिता काही महिन्यांच्या सवडीची. दरबारचा आचार्य पुनः विद्यार्थी झाला. 395 च्या सुमारास ते बिशप झाले, व मरेपर्यंत सुमारे पस्तीस वर्षे त्याच नगरीत राहिले.

आता त्यांच्या वर्गात कोळी, खलाशी, शेतकरी, गुलाम व व्यापारी होते. आफ्रिकेच्या रीतीप्रमाणे बिशप बसून बोलत व लोक उभे राहून ऐकत. लोक टाळ्या वाजवीत, कुरकुरत, पुढचा शब्द आपणच ओरडून सांगत. ऑगस्टीन सोपे लॅटिन बोलत. पंडितांनी व्याकरणाची चूक काढली तरी चालेल, पण लोकांस समजले नाही असे होऊ नये, हे त्यांचे धोरण होते. साध्या लोकांना वादविषय पाठ व्हावा म्हणून त्यांनी वर्णमालेच्या अनुक्रमाने कडवी असलेले एक गीत रचिले. खेड्यांतील लोक प्यूनिक भाषा बोलत, त्यांच्याकरिता ती भाषा जाणणारा माणूस मिळविण्याची खटपट केली. कार्थेजच्या एका उपधर्मगुरूने, नवख्यांना तेच ते शिकवून आपणच कंटाळतो, अशी तक्रार केली, तेव्हा त्यांनी त्याच्याकरिता एक पुस्तकच लिहिले. ऐकणारा थकला असेल तर त्याला बसावयास द्यावे, जांभया येऊ लागल्या तर विषय रंजक करावा, आणि जुनी वाट नव्या पाहुण्याला दाखविताना ती आपल्यालाही जशी नवी वाटते, तसे प्रेमाने शिकवावे, असा त्यातील उपदेश आहे. हा उपदेश वर्गात उभे राहिलेल्या माणसाचाच असू शकतो.

सकाळचा बराच वेळ लोकांचे तंटे निवाडण्यात जाई. घरी मातीची, लाकडाची व संगमरवराची भांडी असत, चमचे तेवढे चांदीचे. पाठीमागे कोणाची निंदा करणाऱ्याने ह्या पंक्तीस बसू नये, अशा अर्थाच्या ओळी जेवणाच्या मेजावर लिहिल्या होत्या. कैद्यांच्या सुटकेकरिता त्यांनी देवळाची पवित्र पात्रेही वितळविली. 1981 साली प्रथमच छापून आलेल्या त्यांच्या काही पत्रांतून असे कळते, की गुलामांचे व्यापारी माणसे पळवून हिप्पो बंदरातून परदेशी नेत, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांनी सुमारे 120 जणांची सुटका केली. आणि त्यांना पुनः पकडू पाहणाऱ्यांविरुद्ध कायद्याचा आधार मिळावा म्हणून ह्या वृद्ध बिशपांनी लेखणी झिजविली.

परंतु चरित्रकाराने एका ठिकाणी डोळे झाकू नयेत. आफ्रिकेत डोनाटपंथीयांची फूट जुनी होती, व दोन्ही बाजूंनी कटुता होती. वादाने व समजुतीनेच माणसे परत आणावीत असे ऑगस्टीन यांचे आरंभीचे मत होते. पुढे सरकारी दंडाच्या भीतीने अनेक जण परत येतात असे पाहून त्यांनी त्या सक्तीला संमती दिली, व पुढील शतकांत पुष्कळांनी त्यांच्या नावाचा आधार घेऊन याहून कठोर कृत्ये केली. ज्याने छडीचा निषेध केला, शब्दही आत ज्ञान ओतू शकत नाही असे ज्याने शिकविले, त्याने येथे भीतीचे साहाय्य घ्यावे, ही त्यांच्या जीवनातील दुःखाची बाजू आम्ही मानतो. थोर शिक्षकालाही आपलाच धडा एखाद्या वेळी कठीण जातो.

410 साली गॉथ लोकांनी रोम लुटले. ह्या आपत्तीचा दोष ख्रिस्ती धर्मावर येऊ लागला, तेव्हा 413 ते 426 ह्या काळात त्यांनी देवनगरीवरील आपला बावीस खंडांचा ग्रंथ पुरा केला. त्यापूर्वी, चाळिशीनंतर थोड्याच वर्षांत, आपल्या दोषांची व देवाच्या कृपेची कथा सांगणारे आत्मचरित्र त्यांनी लिहिले होते. अखेरच्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम केले: आपलेच 93 ग्रंथ पुनः वाचून, कोठे चुकलो, कोठे घाईने बोललो, ह्याची नोंद करणारे पुस्तक लिहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, शेवटी स्वतःची वही तपासली.

430 साली व्हँडल लोकांनी हिप्पोला वेढा घातला. शहर आश्रितांनी भरून गेले होते. तिसऱ्या महिन्यात बिशप तापाने आजारी पडले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी ती आपल्या खाटेसमोरील भिंतीवर लावविली. पडल्या पडल्या ती वाचीत व रडत. शेवटचे दहा दिवस वैद्य येण्याच्या व अन्न आणण्याच्या वेळेवाचून कोणी आत येऊ नये असे सांगितले. 28 ऑगस्ट रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्याजोगे स्वतःचे काही नव्हते. देवळाचा ग्रंथसंग्रह पुढील लोकांकरिता जतन करावा, एवढीच त्यांची आज्ञा असे. पुढे शहराला आग लागली, पण ते ग्रंथ वाचले.

त्यांचे नियम पाळणाऱ्या संघाचे धर्मगुरू 1572 साली गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्यांच्या मोडक्या मठाचा उंच मनोरा, अर्धा कोसळलेला, आजही उभा आहे, व तेथून जवळच संत मोनिकेच्या नावाचा मठ आहे. आई व मुलगा आपल्या किनाऱ्यावर अशा रीतीने शेजारी आहेत. 2025 साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही त्याच संघातील होत. सोळा शतकांनंतरही ह्या मास्तरांचा वर्ग सुटलेला नाही.

वाचकहो, ह्या चरित्रातून एकच गोष्ट पदरात घ्यावी अशी आमची विनंती आहे. ऑगस्टीन यांनी शिकविण्याचा धंदा सोडिला, शिकविणे सोडिले नाही. मिलानच्या पीठावर त्यांना दरबार ऐकत होता, पण जे बोलावयाचे त्यावर त्यांचाच विश्वास नव्हता. हिप्पोच्या देवळात खलाशी व कोळी ऐकत होते, आणि बोलणारा जे सांगत होता त्याच्याच आधाराने जगत होता. वर्गात, घरात किंवा धर्मशिक्षणाच्या बाकापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने मुलांपुढे तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे, की जे सांगावयास मी उभा आहे ते मला स्वतःला पटले आहे काय. उत्तर होय असेल तर निर्धास्त बोलावे. पुढचे काम करणारा गुरू त्या मुलाच्या अंतरंगात आधीच बसलेला आहे.